पस्तीस हजारांची रांग : एका झेड०६चा हिशेब

मे २०२३ मधल्या एका शनिवारी दादाने डीलरच्या आवारातून मला एक फोटो पाठवला. शेवरले कॉर्व्हेट झेड०६ या स्पोर्ट्स कारची बाजूची खिडकी, आणि तिच्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन कागद. डावीकडचा कारखान्यातून आलेला. मूळ किंमत, एकेका ऑप्शनची किंमत, वाहतूक खर्च, पेट्रोल जास्त पिणाऱ्या गाड्यांवरचा गॅस गझलर टॅक्स, जुळणीचं ठिकाण बोलिंग ग्रीन, केंटकी आणि सगळ्यात खाली एकूण १,२८,००० डॉलर. उजवीकडचा कागद डीलरने स्वतः छापलेला, पण तशाच चौकटी, तसाच टाइप. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच कागद वाटावा, अशी मांडणी. त्यावर दोन ओळी होत्या. 'प्रोटेक्शन पॅकेज' ४,९९५ आणि 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट' ६०,०००. बेरीज १,९२,९९५.

मी लगेच फोन केला.

"दादा, हे साठ हजार गाडीत कुठे आहेत ते मला दाखव."

"गाडीत नाहीत गं. आज मिळतेय ना, त्याचे आहेत."

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्याच्या या उत्तरामुळे. दादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मी न्यू जर्सीत हिशेबाचं काम करते आणि घरातले मोठे व्यवहार सही होण्याआधी माझ्याकडे येतात. त्याला कुणी फसवलं नाही. त्या शनिवारी त्याला जे ठाऊक होतं ते बहुतेक खरंच होतं. फक्त एक आकडा त्याने चुकीचा धरला, आणि तोच आकडा मीही चुकीचा धरला होता. नावगाव वगळून बाकी सगळं लिहायला त्याची परवानगी आहे. रकमा मी सोयीसाठी थोड्या गोल केल्या आहेत.

आधी हा दुसरा कागद कायद्यात बसतो कसा, ते पाहू. पहिल्या कागदाला इथे मोनरोनी किंवा नुसतं स्टिकर म्हणतात. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांनी पुढाकार घेतलेल्या १९५८च्या कायद्याने तो प्रत्येक नव्या गाडीवर सक्तीचा झाला. पण त्यावरची किंमत उत्पादकाने 'सुचवलेली' असते, एवढंच. डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि ती त्याच्या मालकीची होते. राज्याराज्यांतले फ्रँचायझी कायदे असे आहेत की शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्ससारखी डीलरांचं जाळं असलेली कंपनी त्यांना ओलांडून थेट ग्राहकाला गाडी विकू शकत नाही आणि त्यांच्यावर विक्रीची किंमतही लादू शकत नाही. मागणी कमी असली की डीलर स्टिकरच्या खाली येतो, जास्त असली की वर जातो. खाली आला तेव्हा आपण कुणी तक्रार केली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

प्रोटेक्शन पॅकेज मात्र मला अजून खुपतं. टायरमध्ये नायट्रोजन, रंगावर सिरॅमिकचा थर, दाराच्या कडांना पारदर्शक पट्ट्या. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. मार्केट अ‍ॅडजस्टमेंट निदान स्वतःच्या नावाने उभी असते. पॅकेज तीच वसुली वस्तूच्या वेषात करतं. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असल्या निरुपयोगी जोडण्यांना बंदी घालणारा आणि पूर्ण किंमत आधी सांगायला लावणारा नियम जाहीर केला. डीलर संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला. तो टिकला असता तरी साठ हजारांना हात लागला नसता, कारण किती मागावेत यावर त्यात मर्यादा नव्हतीच.

आता ही गाडीच का? ऑक्टोबर २०२१ मध्ये ती जगासमोर आली. साडेपाच लिटरचं व्ही८ इंजिन, टर्बो नाही, ६७० हॉर्सपॉवर आणि मिनिटाला ८,६०० फेऱ्यांपर्यंत चढणारी सुई. असा आवाज तोवर फेरारीच्या किमतीत मिळायचा. इथे सुरुवातीची जाहीर किंमत वाहतूक धरून १,०६,३९५ डॉलर होती. जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा धर्मादाय लिलाव झाला आणि रेसिंग संघाचे मालक रिक हेन्ड्रिक यांनी ती ३६ लाख डॉलरला घेतली. पैसे सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले, पण आकडा लोकांच्या डोक्यात राहिला. पुरवठ्याची स्थिती तशीच नाजूक. चिपचा तुटवडा चालू होता. डिसेंबर २०२१ मध्ये बोलिंग ग्रीनवर चक्रीवादळ आलं, कारखान्याला झळ बसली आणि शंभरावर तयार कॉर्व्हेट भंगारात काढाव्या लागल्या.

त्यात वाटपाची पद्धत. कोणत्या डीलरला किती झेड०६ मिळणार हे त्याने आधी किती कॉर्व्हेट विकल्या त्यावर ठरतं. वर्षभर कॉर्व्हेटच विकणारे मोजके मोठे डीलर आणि बाकी शेकडो लहान, ज्यांच्या वाट्याला वर्षाला एखादी गाडी येते. मोठ्याला नाव जपायचं असतं, गिऱ्हाईक परत यायला हवं असतं, म्हणून त्यांच्यातले बरेच जण स्टिकरच्या भावात विकतात. लहान डीलरसाठी ती एक गाडी म्हणजे वर्षातून एकदा येणारी संधी. दादाच्या समोरची गाडी अशाच एका लहान डीलरकडची होती. ज्याची ऑर्डर होती तो गिऱ्हाईक ऐनवेळी मागे फिरला होता.

जनरल मोटर्सही गप्प बसली नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीच्या उत्तर अमेरिकेचे प्रमुख स्टीव्ह कार्लाइल यांनी डीलरांना ताकीद देणारं पत्र पाठवलं. किंमत ठरवता येत नसली तरी वाटप वळवण्याचा अधिकार कंपनीकडे होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात ग्राहकांसाठीही नियम आला. गाडी बारा महिने स्वतःकडे ठेवली तर पाच लाख रिवॉर्ड पॉइंट, म्हणजे कंपनीच्याच दुकानात ५,००० डॉलर. त्याआधी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला मिळणार नाही. हाताने जुळवलेलं इंजिन, त्यात वॉरंटी नाही, अशी गाडी कोण वाढीव भावाने घेणार? नुसतं पलटवण्यासाठी, म्हणजे लगेच नफ्यात विकण्यासाठी, घेणाऱ्यांच्या हिशेबात या अटीने मोठा खड्डा पाडला.

हे सगळं दादाला पाठ होतं. शिवाय शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या डीलरकडे हजार डॉलर भरून त्याने नाव नोंदवलेलं होतं, स्टिकरच्या भावात, एक पैसा वर नाही. नंबर ४१. महिन्याला साधारण दोन गाड्या मिळतात, असं तिथल्या विक्रेत्याने सांगितलं होतं.

"एक्केचाळीस भागिले दोन," दादा म्हणाला. "वीस महिने. मग बांधणीचे दोन-तीन. म्हणजे २०२५ उजाडलं. मी अठ्ठावन्नचा आहे. त्या गाडीत उतरून बसावं लागतं, चढून नाही."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. मीही तोच भागाकार केला होता.

त्या रात्री आम्ही तीन फोन केले. ते जसेच्या तसे देते, कारण मार्कअपचा, म्हणजे स्टिकरच्या वर मागितलेल्या रकमेचा, खरा स्वभाव डीलरच्या टेबलावर कळत नाही, तो या तीन ठिकाणी कळतो.

पहिला फोन क्रेडिट युनियनला, म्हणजे इथल्या सहकारी पतपेढीला. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं की कर्जासाठी त्या स्टिकरचाच आकडा धरतात. उजवीकडचा कागद त्यांच्या लेखी नाहीच. वरचे सगळे पैसे रोख.

दुसरा विमा एजंटला. नेहमीच्या पॉलिसीत गाडी पूर्ण निकामी झाली तर त्या दिवशीचा बाजारभाव मिळतो. तुम्ही काय मोजलंत याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. आधीच ठरलेल्या रकमेची पॉलिसी मिळते, पण ती जपून ठेवायच्या गाड्यांसाठी, आणि दादाला ही रोज नाही तरी दर आठवड्याला चालवायची होती.

तिसरा फोन मी माझ्याच सहकाऱ्याला केला, विक्रीकराची खात्री करायला. न्यू जर्सीचा दर ६.६२५ टक्के आणि तो पूर्ण रकमेवर. म्हणजे जी रक्कम बँक मानत नाही आणि विमा मानत नाही, ती सरकार मात्र मानतं.

सोमवारी आम्ही दोघं डीलरकडे गेलो. महिनाअखेर होती, गाडी नऊ दिवस उभी होती आणि ती डीलरने कर्जाने घेतलेला माल होती. डीलरलाही प्रत्येक दिवसाचं व्याज लागतं आणि व्याजदर तेव्हा चढतच होते. मी स्टिकरच्या भावात मागितली. तो हसला नाही, नुसती मान हलवली. मग आत-बाहेर दोन तास गेले. पॅकेज पहिल्या अर्ध्या तासात निघालं. साठ हजारांचे पंचेचाळीस झाले, मग चाळीस, शेवटी पस्तीस. त्यावर मी आणखी ओढणार होते, पण दादाने माझ्या हातावर हात ठेवला.

गाडी १,६३,००० ला ठरली. कर १०,७९९. एक लाखाचं कर्ज, पाच वर्षं, सात टक्के. उरलेले जवळपास ७३,८०० दादाने भरले. वहिनीने चेकवर सही करण्याआधी एकच विचारलं, "विकताना हे पस्तीस परत येतात का?" दादा म्हणाला, "बहुतेक." मी काहीच बोलले नाही. तिथे मी बोलायला हवं होतं.

पुढचे महिने बाजार कसा वळला त्याची कारणं एक नव्हती. कारखाना सुरळीत झाला आणि झेड०६ नियमित उत्पादन असल्याने गाड्या येत राहिल्या. फेडरल रिझर्व्हचा दर जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोचला, त्यामुळे हौसेची गाडी कर्जाने घेणारे मागे सरले. जानेवारी २०२३ मध्ये आलेली ६५५ हॉर्सपॉवरची हायब्रिड कॉर्व्हेट ई-रे त्याच शोरूममध्ये कमी किमतीत शेजारी उभी राहिली. आणि ज्यांनी २०२३ मध्ये घेतल्या त्यांचे बारा महिने एकामागून एक संपत गेले, तशा जुन्या झेड०६ वॉरंटीसकट बाजारात येऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये १,०६४ हॉर्सपॉवरची झेडआर१ जाहीर झाली, आणि 'सगळ्यात वरची कॉर्व्हेट' हे बिरूदही झेड०६कडून गेलं.

यातलं काहीच आम्हाला मे महिन्यात अगदी अनपेक्षित नव्हतं. अनपेक्षित होता तो मार्च २०२४ मधला फोन. शेजारच्या राज्यातल्या त्या मोठ्या डीलरचा.

"तुमचा नंबर आलाय. अ‍ॅलोकेशन आहे, घेणार का?"

अ‍ॅलोकेशन म्हणजे कंपनीच्या वाटपातली एक गाडी. वीस महिने मोजले होते, दहाच लागले. दादाने चौकशी केली. विक्रेता मोकळ्या मनाने बोलला. पुढच्या चाळीस नावांपैकी निम्म्याहून जास्त गळाली होती. काहींनी चार-चार डीलरांकडे नाव टाकलं होतं आणि कुठेतरी एकीकडे गाडी मिळाली होती. काही जण फक्त वाढीव भावाने पलटवण्यासाठी रांगेत होते. मार्कअप उतरला तसे तेही उठून गेले. रांग लांब दिसत होती ती मार्कअपमुळे, आणि मार्कअप चढलेला होता तो लांब रांगेमुळे. दोन्ही एकमेकांना धरून उभे होते, आणि एक बसल्यावर दुसराही बसला.

आमचा चुकीचा आकडा तो हा. नंबर ४१ म्हणजे पुढे चाळीस गिऱ्हाईकं, असं आम्ही धरलं. प्रत्यक्षात ती चाळीस नोंदी होती. मी धंद्यातल्या येणे रकमा रोज तपासते, कुठली वसूल होणार आणि कुठली नुसती वहीत आहे हे पाहते, आणि इथे मला ते सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. विक्रेत्याला तेव्हाच विचारता आलं असतं की गेल्या सहा महिन्यांत यादीतली किती नावं बोलावल्यावर 'नको' म्हणाली. त्याच्याकडे तो आकडा असतोच.

दादाने ते अ‍ॅलोकेशन सोडून दिलं. त्याच्याकडे गाडी होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पाठ धरली. कण्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सहा महिने खाली वाकून बसायचं नाही म्हणून सांगितलं आणि झेड०६ची सीट जमिनीपासून किती वर असते ते वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये त्याने विकायचं ठरवलं. सतरा महिने, ६,२०० मैल. दोन डीलरांनी १,०८,००० आणि १,०९,००० सांगितले. शेवटी पेन्सिल्व्हेनियातल्या एका हौशी माणसाला १,१७,५०० ला गेली. तो दोन तास गाडीभोवती फिरत होता. सर्व्हिसच्या पावत्या पाहिल्या, वॉरंटी नावावर होते याची खात्री केली आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात दादाने जपून ठेवलेला मोनरोनी उघडून ओळ न् ओळ वाचली. उजवीकडचा कागद दादाने पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. त्या माणसाने त्याबद्दल विचारलंही नाही.

आता वही. घेतली १,६३,००० ला, विकली १,१७,५०० ला, फरक ४५,५००. विक्रीकर १०,७९९. सतरा महिन्यांचं व्याज सुमारे ८,८००. एकूण ६५,०९९ डॉलर, विमा आणि पेट्रोल सोडून. मैलाला साडेदहा डॉलर.

पण ही बेरीज एकत्र वाचली की दिशाभूल होते, ती फोडायला हवी. स्टिकरच्या भावापासून मोजलं तर गाडी १०,५०० ने उतरली, जेमतेम सव्वाआठ टक्के. सतरा महिने चालवलेल्या कुठल्याही गाडीसाठी ही पडझड फारच थोडी. झेड०६ने आपली किंमत उत्तम राखली. मार्कअपने अजिबात राखली नाही. ३५,००० आणि त्यावरचा २,३१९ कर मिळून ३७,३१९ पूर्णपणे गेले, एक डॉलरही परत आला नाही. पुनर्विक्रीची किंमत स्टिकरला धरून चालते, तुम्ही भरलेल्या रकमेला नव्हे. कारण दुसऱ्या गिऱ्हाईकासमोर ती रांग नसते.

मग मार्कअप कधीच परत येत नाही का? येतो, पण कंपनीने नळ खरोखर बंद केला तर. २०१७ची फोर्ड जीटी साधारण साडेचार लाखांना निवडक अर्जदारांनाच मिळाली, दोन वर्षं विकायची नाही अशा करारावर. कुस्तीपटू आणि अभिनेते जॉन सीना यांनी आधीच विकली म्हणून फोर्डने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्यावर दावा लावला आणि तो २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. त्याच वर्षी एका लिलावात दुसरी एक जीटी साडेसोळा लाखांवर गेली. एकूण १,३५० गाड्या बांधून २०२२ मध्ये उत्पादन थांबलं, आणि पुन्हा कुणी बांधणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. उलट पोर्शे ९११ आर पाहा. २०१६ मध्ये फक्त ९९१ गाड्या, अमेरिकेत १,८४,९०० डॉलर, मॅन्युअल गिअर. मागणाऱ्यांनी कित्येक पट भाव लावला. मग २०१७ मध्ये पोर्शेने ९११च्याच जीटी३ या प्रकारात मॅन्युअल गिअर परत आणला आणि पाठोपाठ पंख नसलेली टूरिंगही काढली. ९११ आरची संख्या तेवढीच राहिली, पण तिच्यातली जी चीज दुर्मीळ होती ती आता दुर्मीळ नव्हती, आणि चढलेले भाव खाली आले. झेड०६ला तर संख्येची मर्यादाच नव्हती. सही करण्याआधी वहिनीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावरूनच देता आलं असतं, आणि ते 'बहुतेक' असं नव्हतं.

दुसऱ्या कुणी मला हीच कागदपत्रं दाखवली तर मी दोन गोष्टी करीन. मार्कअप गाडीच्या किमतीत न धरता वेगळ्या ओळीत लिहीन, सहलीच्या खर्चासारखा, आणि विचारीन की एवढ्या महिन्यांसाठी एवढे द्यायचे आहेत का. आणि रांगेच्या लांबीवर विश्वास ठेवण्याआधी तिच्यातून रोज किती जण उठतात ते विचारीन.

दादाच्या बाबतीत मात्र ही ओळ लिहिताना माझा हात अडतो. मार्च २०२४च्या अ‍ॅलोकेशनवर ऑर्डर दिली असती तर गाडी जूनच्या आसपास आली असती. सप्टेंबरमध्ये पाठ गेली. म्हणजे स्टिकरच्या भावात त्याला तीन महिने मिळाले असते. त्या ३७,३१९ डॉलरनी उरलेले तेरा महिने आले. त्यात २०२३चा अख्खा उन्हाळा होता, पहाटे साडेपाचला रिकामा रस्ता गाठून सुई आठ हजारांच्या पुढे नेण्याच्या त्याच्या रविवारच्या सकाळी होत्या, आणि एकदा मी शेजारी बसले होते. बोगद्यात काचा खाली केल्यावर दादा काहीतरी ओरडून सांगत होता. मला शब्द कळला नाही, फक्त त्याचा चेहरा दिसला.

पाच लाख पॉइंट अजून त्याच्या खात्यात आहेत. हिशेबात मी ते धरलेले नाहीत.